चंदना मॅडम तालीम काढतात

चंदना मगदूम मॅडमनी आयुष्यात कधी कुणाला ढकलून वाट काढली नव्हती. के.एम.टी.च्या बसमध्ये 'जरा सरकता का' म्हणायच्या आधीसुद्धा त्या 'माफ करा हं' म्हणायच्या. अशा बाईंनी शिवाजी पेठेत नवीन तालीम काढली, ही बातमी पेठभर पसरली तेव्हा सगळ्यात मोठा धक्का कुणाला बसला असेल, तर तो खुद्द चंदना मॅडमना.

त्याचं झालं असं. मॅडम आठवी-नववीला मराठी शिकवतात. वीसेक वर्षं शिकवतायत. आणि या वीसेक वर्षांत त्यांचा पाठ, म्हणजे 'एकसाथ नमस्ते'पासून घंटेपर्यंतचा अख्खा पाठ, एकाही मोठ्या माणसानं बघितला नव्हता. तपासणीला साहेब यायचे, नाही असं नाही. पण ते हजेरीपट बघायचे, फळ्यावर तारीख घातलीय का ते बघायचे आणि मग चहा कुठून येतोय ते बघायचे. मुलं बघतात म्हणावं, तर मुलं खिडकीबाहेर बघतात. एकदा मॅडमनी नवऱ्यापुढं पाठ घेऊन बघितला. महावीररावांचं ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान आहे, माणूस दिवसभर उभा असतो. ते समासाच्या पहिल्या प्रकारालाच झोपले आणि जागे झाल्यावर मोठ्या मनानं म्हणाले, "छान झालं."

आता तुम्हीच विचार करा. आचाऱ्याला जेवणारा मिळतो, गवयाला ऐकणारा मिळतो. कोल्हापुरात तर पैलवान नुसता दूध पीत बसला तरी चार माणसं कौतुकानं बघत उभी राहतात. शिक्षकानंच काय पाप केलंय?

म्हणून मोबाइलवर तो निरोप आला तेव्हा मॅडमच्या हातातली उलथणी कढईतच राहिली. निरोप भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका राज्यपातळीवरच्या सभेचा होता. जिथं आजी आणि भावी शिक्षक महिन्यातून एकदा जमतील, एकमेकांचे पाठ बघतील आणि त्यावर मोकळेपणानं बोलतील, तिथं सभा आपली शाखा मान्य करणार होती. किमान दहा जण हवेत. पहिल्या बैठकीला सभेचे निरीक्षक स्वतः येऊन बघणार. आणि शाखा मान्य झाली, तर ती चालवणाऱ्या शिक्षकाला वार्षिक अधिवेशनात पाठ घ्यायला मिळणार. राज्यभरातल्या शिक्षकांसमोर. खुर्चीत बसलेल्या, जाग्या असलेल्या शिक्षकांसमोर.

भाजी करपली. सूर्यास्ताआधी जेवणारं घर ते, त्यामुळं दुसरी भाजी करायला वेळही नव्हता. महावीररावांनी करपलेली खाल्ली आणि हिलाही 'छान झाली' म्हणाले. मॅडमना त्या क्षणी कळलं की आपल्याला दुसरं कुणीतरी बघायला हवंच आहे.

शाखेला नाव हवं होतं. नाटकवाले प्रयोगाआधी तालीम करतात, चुका तिथंच करून घेतात, तशी आपण पाठांची तालीम करायची. म्हणून नाव ठेवलं 'शिक्षकांची तालीम'. या नावावर मॅडम इतक्या खूश झाल्या की दिवसभर मनातल्या मनात ते वेगवेगळ्या चालीत म्हणून बघत होत्या. मराठीच्या शिक्षकाचं हे असंच असतं. चांगला शब्द सुचला की आपण कुठं उभे आहोत तेच दिसत नाही. बाकी जगात तालीम नाटकाची असेल. शिवाजी पेठेत तालीम म्हणजे तालीम. आत लाल माती, बाहेर कट्टा, कट्ट्यावर माणसं, आणि त्या सगळ्यांचा जीव ज्यात अडकलाय तो तालमीचा फुटबॉल संघ. इथं माणसाचं आडनाव नंतर विचारतात, आधी तालीम कुठली ते विचारतात. पण मॅडम त्या वेळी हवेत होत्या आणि हवेत पेठ नसते.

त्या सिकंदर शिकलगारच्या दुकानात गेल्या. सिकंदर डिजिटल बोर्ड छापतो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं. मॅडमनी त्याला शाळेच्या फाटकावर लावायला एक लहानसा बोर्ड करायला सांगितला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद दिला: 'शिक्षकांची तालीम. आजी व भावी शिक्षकांनी सामील व्हावे. दुसरा शनिवार, दुपारी चार.' खाली नाव आणि फोन.

"मॅडम, तुम्ही मला आठवीला शिकवलंय," सिकंदर छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुमच्याकडनं पैसे घेतले तर हात झडतील माझे. तुम्ही जावा, मी बघतो."

'तुम्ही जावा, मी बघतो' हे कोल्हापुरातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. ते ऐकल्यावर माणसानं जाऊ नये. मॅडम गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात बोर्ड झळकला. दुमजली घर झाकेल एवढा. डावीकडं वाघ, उजवीकडं गदा घेतलेला मारुती, मध्ये पेट घेतलेला फुटबॉल. त्यावर सोनेरी अक्षरात 'शिक्षक तालीम मंडळ, शिवाजी पेठ'. त्याखाली 'संस्थापक अध्यक्षा मा. सौ. चंदनाताई मगदूम', फोन नंबर आणि 'दुसरा शनिवार, दुपारी चार'. फोटो शाळेच्या गॅदरिंगमधनं कापून घेतलेला, त्यामुळं मॅडमच्या खांद्यावर भूगोलाच्या सरांचा एक कान राहिलेला. मॅडमचं मूळ वाक्य होतं, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि वाघाच्या जबड्याखाली एक ओळ सिकंदरनं स्वतःच्या प्रतिभेनं घातलेली: 'नाद करायचा न्हाय'.

मॅडमनी तिथूनच फोन लावला. "सिकंदर, अरे हे मंडळ कुठून आलं?"

"तालीम म्हटलं की मंडळ येतंच की मॅडम. नुसती तालीम बरी दिसत न्हाय."

"आणि वाघ?"

"वाघ फ्री हाय."

"काढ तो बोर्ड. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतो की. पर शिडी जोतिबाला गेलीया. आली की काढतो."

ती शिडी जोतिबाला काय नवस फेडायला गेली होती देव जाणे, पण ती आठवडाभर खाली उतरली नाही. तेवढ्यात पेठेनं बोर्ड वाचला. वरचा वाचला. तळाचा वाचायला डोळे कुणाला होते?

पहिल्यांदा आले हंबीरराव. मगदूमांच्या घरासमोर धाकटी तालीम आहे, तिचे ते वस्ताद. पांढऱ्या मिशा, मोडलेले कान आणि आवाज असा की ते कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतलं मांजर उठून बसतं. ते सोफ्यावर टेकले, पाण्याला नको म्हणाले आणि जमिनीकडं बघत राहिले.

"ताई, आमचं काय चुकलं?"

"कशात?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय, चुकलं असंल तर सांगा. गणपतीत तुमच्या दारात स्पीकर लावला, ते चुकलं. पर म्हणून कोण समोरासमोर सवती तालीम काढतंय व्हय?"

"अहो, ही ती तालीम नाही हंबीरराव. ही पाठाची तालीम आहे."

"पाठीची?" हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला. "मग आमी दुसरं काय करतोय? पाठ लागू द्यायची न्हाय, एवढंच तर शिकवतोय पन्नास वर्षं."

"पाठीची नाही, पाठाची. पाठ घ्यायची."

"घ्या की. पर पैल्यांदा आमची घ्या. नवी तालीम निघाली की पैली मॅच शेजारच्या तालमीसंगं, ही पेठंची रीत हाय. शनिवारी चार वाजता म्हणताय न्हवं बोर्डावर? ठरलं." आणि ते उठले. दारात थांबून म्हणाले, "राग न्हाय ताई. पर एक शब्द टाकायचा हुता."

मॅडमनी सोफ्यावरचा अभ्रा सरळ केला. त्यांना खेळता येतं का, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. याचं त्यांना बरं वाटावं की वाईट, तेही कळेना.

मग सल्ले सुरू झाले. कोल्हापुरात माणूस आजारी पडला तर एक वेळ कुणी विचारणार नाही, पण संघ काढला तर सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. दूधवाला म्हणाला, बचाव मजबूत ठेवा, पुढचं आपोआप होतंय. इस्त्रीवाल्यानं परदेशी खेळाडू आणून द्यायची तयारी दाखवली. शेजारच्या काकूंनी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, साडीवरच का? महावीररावांना दुकानात लोक हात मिळवायला लागले, 'वहिनी पोलादी निघाल्या' म्हणायला लागले, आणि तो साधा माणूस त्यात हळूहळू विरघळला. रात्री जपमाळ ठेवता ठेवता म्हणाले, "जर्सी पांढरी नको गं. मळते."

फोनही खूप आले. एक जण म्हणाला, मी डावा बॅक हाय. एक म्हणाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पर अजून सेंटरला खेळतो. शिक्षकाचा म्हणून एकही फोन आला नाही. दोन शाळांतल्या ओळखीच्या बाईंना मॅडमनी स्वतः फोन केला, तर एकीनं कंबरेचं दुखणं सांगितलं आणि दुसरी म्हणाली, "चंदना, या वयात?"

एक सभासद मात्र चालत घरी आली. मागच्या गल्लीतल्या धोंडुबाई. वय ऐंशीच्या पुढं, दात नाहीत, पण नजर घारीची. मुंगीएवढी अक्षरं पेठेत फक्त त्यांनीच वाचली होती.

"माझं नाव घाल बाय. बोर्डावर लिव्हलंय, आजींनी सामील व्हावं."

"अहो, ते आजी म्हणजे आत्ताचे," मॅडम म्हणाल्या.

"मग मी आत्ताचीच हाय की. अजून हाय."

मॅडमनी व्याकरण आवरलं आणि चहा टाकला.

इकडं जागेचं वेगळंच सुरू होतं. शनिवारी शाळेला सुट्टी, म्हणून एक वर्ग उघडून मिळावा असा साधा अर्ज मॅडमनी हेडसरांना दिला. हेडसर म्हणाले, उत्तम उपक्रम आहे, संस्थेच्या ऑफिसात द्या. हेडसरांना उत्तम उपक्रम म्हणजे जो दुसरीकडं पाठवता येतो तो. संस्थेच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, पाठ शैक्षणिक विभागाकडं जातो. तालीम क्रीडा विभागाकडं जाते. तुमच्या एका अर्जात दोन्ही हाय. आता मी काय अर्ज मधनं फाडू?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," मॅडम म्हणाल्या, आणि इथंच चुकल्या. ऑफिसाला योग्य वाटेल तसं करू देऊ नये.

उत्तर आलं ते क्रीडा विभागाकडून. 'विषयांकित तालमीस शाळेचे मैदान मंजूर. सोबत फुटबॉल दोन नग, शिट्टी एक नग. प्रतिस्पर्धी संघाचे नाव कळवावे.' मॅडम धावत गेल्या. मैदान नको, वर्ग द्या म्हणाल्या. क्लार्क म्हणाले, मैदान रद्द करायला वेगळा अर्ज, तो मंजूर झाला की वर्गाचा अर्ज, आणि दोन्हीच्या मध्ये दिवाळी आहे. मॅडम दोन फुटबॉल काखेत मारून रिक्षानं घरी आल्या. रिक्षावाला म्हणाला, बचाव मजबूत ठेवा.

त्या संध्याकाळी त्यांनी जरीना बागवानला फोन केला आणि पहिल्यांदाच रडू आवरलं नाही. जरीना उर्दू शाळेत शिकवते. दोघी बी.एड.ला एका बाकावर होत्या.

"मी निरीक्षकांना नका येऊ म्हणून कळवते," मॅडम म्हणाल्या. "मी, तू आणि ती सराव पाठाला येणारी तेजस्वी, तीन जणांची शाखा होत नसते. सगळ्यांना कुस्ती वाटतीये, फुटबॉल वाटतोय."

"मला तर काही वाटलं नाही," जरीना म्हणाली. "बोर्ड बघितला मी. वाघ जरा जास्त झालाय. बाकी बरोबर आहे की."

"काय बरोबर आहे?"

"शिक्षकांची तालीम. तालीम म्हणजे शिक्षणच ना? आमच्यात पोराला शाळेत घातलं की म्हणतात, तालीम सुरू झाली. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, चांगलं आहे, शिक्षकांना पण शिकायला नको का. सहा जणं यायला तयार आहेत. तू बोलावशील म्हणून वाट बघत होते मी, माझीच मैत्रीण मला बोलवेना."

मॅडमनी डोळे पुसले. अख्ख्या कोल्हापुरात तो बोर्ड कुणीतरी बरोबर वाचला होता, आणि तो मराठीत वाचलाच नव्हता. म्हणजे आता नऊ झाले. दहावं माणूस कुठून आणायचं, या काळजीत शनिवार उजाडला.

मैदानावर पेठ लोटली होती. चुन्याच्या रेषा मारलेल्या, कडेला भडंगाची गाडी, कोपऱ्यात हलगीवाला हलगी शेकत बसलेला. धाकट्या तालमीचा संघ निळ्या जर्सीत अंग सैल करत होता. आणि पलीकडच्या गोलपोस्टजवळ नवीन तालमीचा संघ उभा होता: चंदना मॅडम, जरीना, उर्दू शाळेतले सहा शिक्षक, आणि तक्त्यांच्या गुंडाळ्या काखेत धरलेली तेजस्वी. तेजस्वी बी.एड.ची विद्यार्थिनी, नृसिंहवाडीजवळच्या गावची. तिकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. मॅडमच्या शाळेत ती सराव पाठ घ्यायला येते आणि तिचे गुण मॅडमच्या हातात असतात, म्हणून ती मॅडमपुढं नेहमी श्वास आखडूनच उभी असते.

चार वाजता निरीक्षक आले. अमरसिंह निंबाळकर सर, साताऱ्याचे, निवृत्त मुख्याध्यापक, बगलेत फाइल. फाटकातनं आत पाऊल टाकलं आणि हलगी कडाडली. हंबीररावांनी पुढं होऊन त्यांना हार घातला, फेटा बांधला आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

"मी निरीक्षक आहे," सर घाबरून म्हणाले.

"त्येच की. म्हंजे पंच," हंबीरराव म्हणाले. "या पावणं, नाणं उडवा."

चंदना मॅडम मधल्या वर्तुळापर्यंत चालत गेल्या. एवढ्या लोकांसमोर त्या कधी चालल्या नव्हत्या. पदर खोचलेला होता.

"हंबीरराव," त्या म्हणाल्या, "मला मॅच नको. मला संघ नको, तालीमही नको. वीस वर्षं शिकवतीये मी. एकदाही कुणी बसून बघितलं नाही की ही बाई शिकवते कशी. आज हे सर बघायला आलेत. एवढा एक पाठ होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तर मी गोलात उभी राहते."

हलगी थांबली. हंबीररावांनी स्वतःच्या फेट्याचा शेमला उगाच नीट केला. "वीस वरीस?" ते म्हणाले. "बघनारा कोण न्हाई?"

"नाही."

"मग खेळला कसा तुम्ही एवढं दिस?" त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा उतरला असेल. मग ते संघाकडं वळले. "बसा रे खाली. समद्यांनी. पैला ताईंचा पाठ."

गोलपोस्टच्या आडव्या खांबाला गुंडाळी फळा टांगला. निळ्या जर्सीतले अकरा दांडगे विद्यार्थी पेनल्टीच्या चौकोनात मांडी घालून बसले. शिक्षक खुर्च्यांवर, पेठ भिंतींवर. निंबाळकर सरांनी फाइल उघडून हजेरी घेतली. नववं नाव झालं आणि ते थांबले. दहाव्या खुर्चीवर धोंडुबाई बसल्या होत्या, कधी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

"आपण? आजी की भावी?"

"आजीच की. भावी कशाला असतीया या वयात."

सरांनी 'आजी'पुढं खूण केली. मॅडमनी खुलासा करायला तोंड उघडलं, तर जरीनानं त्यांच्या पायावर पाय दिला.

पाठ विरामचिन्हांचा होता. आणि खरं सांगायचं तर मॅडम सुंदर बोलल्या. भीती पळाली, आवाज मोकळा झाला. "आता सांगा, 'आई बाळ झोपलं' या वाक्यात स्वल्पविराम कुठं येईल? बरोबर, आईनंतर येईल. का येईल? कारण आपण आईला हाक मारतोय. मग उद्गारचिन्ह कधी द्यायचं? भावना तीव्र असेल तेव्हा द्यायचं." प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, जशी आगगाडी. दुसऱ्या रांगेतल्या केतननं, धाकट्या तालमीच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूनं, हात वर केला, खाली घेतला, परत वर केला. गाडी त्या स्टेशनावर थांबतच नव्हती. शेवटी निंबाळकर सरांनी शिट्टी वाजवली आणि पाठ संपला.

टाळ्या पडल्या. मग चर्चा. एक शिक्षक म्हणाले, फार छान. दुसऱ्या म्हणाल्या, तक्ते छान. तिसरे म्हणाले, अक्षर छान. चौथ्यांनी मैदान छान असल्याचं सांगितलं.

निंबाळकर सरांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, हा सत्कार झाला. चर्चा कुठं झाली? 'मोकळेपणानं बोलतात का' असा इथं रकाना आहे, त्यात मी काय लिहू? शाखा त्याच्यावरच ठरते."

कुणी बोलेना. शिक्षक शिक्षकाला कधी चुकलं म्हणत नाही. उद्या आपलाही पाठ असतो. मॅडमनी जरीनाकडं बघितलं, तर जरीना चपलेकडं बघत होती. वीस वर्षांची वाट निंबाळकर सरांच्या फाइलबरोबर मिटत चालली होती.

तेव्हा तेजस्वी उठली. "मॅडम, माझे गुण दिलेत तुम्ही?"

"अजून नाही गं."

तेजस्वी एक पाऊल पुढं आली. "बरं. तरी बोलतो. मॅडम, तुम्ही लई भारी शिकवता. पण प्रश्न तुम्हीच विचारता आणि उत्तर पण तुम्हीच देता. पोरांनी तोंड उघडायच्या आत. तो तिथला सारखा हात वर करून बसला, तुम्ही एकदा पण थांबला नाहीसा." आणि ती मटकन खाली बसली. खाली खुर्ची नव्हती, गवत होतं.

चंदना मॅडमच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही तेच बरं होतं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. अभ्यासक्रम केवढा असतो, तासिका केवढी असते, पोरं उत्तर देत बसली तर पुस्तक संपेल का, असं सगळं ओठांवर आलं. पण पोरगी खरं बोलली होती. आणि तिला ते दिसलं होतं, कारण ती बघत होती.

मॅडमनी खडू उचलला. "काय नाव तुझं? केतन? तुला काय म्हणायचं होतं?" आणि त्या थांबल्या. थांबणं त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या मुठीतल्या खडूनं सांगितलं, तो मोडला.

"मॅडम, तुमच्या आई-बाळाचं जाऊ द्या," केतन उठून म्हणाला. "माझ्याकडं एक वाक्य हाय. फळ्यावर लिवा. मार नको पास."

भिंतीवरची पेठ एकदम सावरून बसली. भडंगवाल्यानं हातातला डाव खाली ठेवला. कारण ते वाक्य पेठेत लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. गेल्या वर्षीची फायनल. केतन एकटा गोलासमोर, आणि रेषेवरनं हंबीरराव ओरडले होते ते हेच. केतननं पास दिला, तो समोरच्याच्या पायात गेला, आणि धाकटी तालीम हरली. तेव्हापासून वस्ताद केतनशी बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर बॉलकडं बघून सांगायचे.

मॅडमनी चिन्हांशिवाय वाक्य लिहिलं. "स्वल्पविराम कुठं येईल?" त्यांनी विचारलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"मार नको, मग स्वल्पविराम, मग पास," केतन म्हणाला. "मी असंच ऐकलं."

"खुळा हाय त्यो," हंबीरराव बॉलला म्हणाले. "मार, मग ते तुमचं काय असंल ते, मग नको पास. मी मार म्हनल्यालो."

"मधी थांबलासा का पर तुम्ही?" केतननं विचारलं.

"थांबलो की."

"न्हाई वस्ताद," गोलकीपर मागून म्हणाला. "एका दमात म्हनला."

"मला दम लागल्याला."

"मग त्याला कसं ऐकू जाणार?" जरीना उभी राहिली. "स्वल्पविराम दिसत नसतो हो, ऐकवावा लागतो."

"समदी चूक त्या नकोची हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "मधी बसलाय मेला, दोन्हीकडनं जेवतोय."

उर्दू शाळेतल्या शिक्षकांत दोन तट पडले. एकानं प्रश्नचिन्ह सुचवलं, ते भिंतीवरच्या लोकांनी हाणून पाडलं. हलगीवाल्यानं मध्येच हलगीवर थाप मारून विराम किती लांब हवा ते वाजवून दाखवलं. मगाशी मैदान छान म्हणणारे सर आता तावातावानं सांगत होते की मॅडमनी हे उदाहरण सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं, ते आई-बाळ अगदीच मिळमिळीत होतं. मॅडम ऐकत होत्या. दुखत होतं, आणि कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं. निंबाळकर सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'मोकळेपणानं बोलतात का' या रकान्यात लिहिलं, 'होय. आवरत नाहीत.' आणि खाली 'मान्य' लिहून सही ठोकली.

गलका जरा खाली आला तेव्हा हंबीरराव फळ्यापाशी गेले. वाक्याकडं बघत राहिले. मग वळून सरळ केतनकडं बघून म्हणाले, "लेका, मी थांबलो न्हाई."

केतननं मान खाली घातली.

निंबाळकर सर फेटा सावरत पुढं आले. "पण मॅडम, आता शेवटी सांगून टाका. बरोबर उत्तर कुठलं?"

उत्तर चंदना मॅडमच्या जिभेवर तयार होतं, दोन नियम आणि एका अपवादासकट. त्यांनी ते सगळंच्या सगळं गिळलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

निंबाळकर सरांनी गळ्यातली शिट्टी काढून हंबीररावांच्या हातात दिली, फाइल खुर्चीवर ठेवली आणि खडू मागितला.